आधी कपाट उघडा

घर विकायचे ठरले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो, दुसरा एजंटला. वकिलाची आठवण येते ती टोकन हातात पडल्यावर, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीची त्याच्याही नंतर. घर घेणाऱ्यांचेही तेच. आधी सॅम्पल फ्लॅट बघायचा, बाल्कनीत उभे राहून फोटो काढायचे, मुलांनी खोल्या वाटून घ्यायच्या आणि मग बँकेत जाऊन विचारायचे, आम्हाला कर्ज किती मिळेल?

हा क्रम बदलला पाहिजे. बदलायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

घराच्या व्यवहारात सगळ्यांत मोठी ताकद म्हणजे ‘नाही’ म्हणता येणे. हा भाव जमत नाही. रोख घेणार नाही. भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय चेक देणार नाही. आठ दिवसांत सही होणार नाही. ही वाक्ये ज्याला ठामपणे बोलता येतात त्याला फसवणे अवघड असते. आणि ती बोलता येतात त्यालाच, ज्याने सहा महिने, वर्षभर आधी तयारी केलेली असते. बाकीच्यांना घाई असते, आणि घाईतल्या माणसाच्या जिवावर या बाजारात बरेच जण पोट भरतात.

फाइल

कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी बाहेर काढा. लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या आणि जुन्या रेशनकार्डांच्या मध्ये घराचे कागद दडलेले असतात. टेबलावर मांडा. मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, ताबापत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची ताजी पावती, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला. तुमच्या आधी घर दुसऱ्या कुणाचे असेल तर त्याचा करार, त्याच्या आधीच्याचाही. घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा हीच साखळी मागतो, आणि बँकेचा वकील एक कडी नसली तरी फाइल परत पाठवतो.

आता एकेक कागद वाचा. खरोखर वाचा. करारात वडिलांचे नाव आद्याक्षरांनी आहे, शेअर सर्टिफिकेटवर पूर्ण आहे, आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच आहे. करारात फ्लॅटचा क्रमांक एक, दारावर दुसरा, कारण बिल्डरने मध्येच क्रमांक बदलले. करारात क्षेत्रफळ बिल्टअप, कराच्या पावतीवर कार्पेट. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. कुठे प्रतिज्ञापत्र, कुठे चूकदुरुस्तीपत्र, कुठे राजपत्रात नावाची प्रसिद्धी. मूळ करारच हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला आठवडे लागतात. गिऱ्हाईक दारात उभे असताना हे आठवडे तुमच्या किमतीतून वजा होतात.

मुद्रांक वेगळा तपासा. ऐंशीच्या दशकातले कितीतरी करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाले. १० डिसेंबर १९८५ पासून ताब्यासह होणाऱ्या करारावर खरेदीखताइतकेच शुल्क लागू झाले, हे अनेकांच्या गावीही नव्हते. कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो आणि तो कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अभय योजना आणली आणि १९८० ते २०२० या काळातल्या अशा कागदांना सवलत दिली. ज्यांनी फाइल उघडून पाहिली होती त्यांनी ती घेतली. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना योजना संपल्यावर कळले.

सही

हा फोन महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे वाजतो.

“ताई, शनिवारी जरा ठाण्याला येऊन जाशील? एक सही हवी होती.”

“कसली रे?”

“बाबांच्या फ्लॅटची. गिऱ्हाईक आलंय. वकील म्हणतो, तुझीही सही लागते.”

“फ्लॅट विकतोयस? आईला माहीत आहे?”

“सांगणारच होतो.”

शनिवारची सही होत नाही. गिऱ्हाईक टोकन परत मागते. भाऊ म्हणतो, ताईला पैशांची हाव सुटली. ताई म्हणते, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बहुतेक वेळा भांडण पैशांचे नसतेच, विचारले नाही याचे असते. पण वकिलाच्या नोटिशीत ‘विचारले नाही’ लिहिता येत नाही, तिथे हिस्साच लिहावा लागतो. मग त्या घरातली भाऊबीज बंद होते.

कायदा यात अगदी स्पष्ट आहे. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. आजी हयात असेल तर तिलाही. हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या उरल्यासुरल्या शंकाही मिटवल्या. बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर ती खुशीने हक्कसोडपत्र करील. ते नोंदणीकृत असावे लागते. पण आधी तिच्या घरी जाऊन, समोर बसून, घर का विकायचे आहे, किती येतील आणि त्याचे काय होणार, हे सांगायला हवे. गिऱ्हाईक यायच्या आधी.

आणि नॉमिनी? सोसायटीच्या फॉर्मवर वडिलांनी धाकट्याचे नाव घातले म्हणून घर धाकट्याचे होत नाही. वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतले जाते, मालकी वारसांचीच राहते. धाकट्याला घर द्यायचे वडिलांच्या मनात होते तर त्यांनी मृत्युपत्र करायला हवे होते. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्रही चालते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की घरात अभद्र बोलल्यासारखे पाहतात. खरे अभद्र म्हणजे ते न करता जाणे.

बँकेकडचे कागद

कर्ज फिटले, पेढे वाटले आणि मूळ करार बँकेतच राहिला, अशी घरे कमी नाहीत. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून नियम केला आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. उशीर बँकेकडून झाला तर ग्राहकाला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम शाखेत जाऊन ठणकावून सांगा. बेबाकी दाखला घ्या, घरावरचा बोजा सरकारी नोंदींतूनही उतरला का ते पाहा. विकताना हे करायला गेलात तर तुमचे कागद मुख्य कार्यालयाच्या कुठल्या तरी गोदामात असतात आणि तुमचे गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीत.

घेणाऱ्याचे गणित

आता घेणाऱ्यांकडे वळतो. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट बघितला आहे. बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा अशा आहेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ८० लाखांवर फार तर ६४ लाख. पदरचे १६ लाख. इथेच बहुतेकांचे गणित थांबते.

पुढे चला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटला १ टक्का धरला तरी ८० हजार. झाले २२ लाख ७० हजार, आणि अजून वकील, सोसायटी, सामानाची गाडी, पंखे, पडदे काहीच धरलेले नाही. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते, हेही आधी पाहा. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. इथे ती ८० हजारांची होते. तिच्या नावावर घर असण्याचे मोल मात्र या ८० हजारांपेक्षा फार मोठे आहे.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. घर शोधायला सुरुवात करण्याआधी तो काढा. कधीकाळी मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात आणि विसरलात, क्रेडिट कार्ड बंद केले पण शेवटचे चारशे रुपये राहून गेले, हे सगळे तिथे दिसते आणि सुधारायला काही महिने जातात. बँकेचे मंजुरीपत्र हातात घेऊन घर बघायला जा. एजंट तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल.

एकच ताजी भिंत

घर बघायचे तर पावसाळ्यात बघा. मे महिन्यात प्रत्येक घर सुंदर असते. जुलैत जा, चार दिवस झड लागल्यानंतर जा. हॉलच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि चौथीच ताजी रंगवलेली असेल तर त्या भिंतीला हात लावा. पलंगामागे, कपाटामागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पोपडे सुटलेत का पाहा. बाथरूमच्या खालच्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि तिथल्या काकूंना विचारा, वरून गळतं का हो? त्या पाच मिनिटांत जे सांगतील ते कुठल्याही करारात लिहिलेले नसते.

पहाटे जाऊन पाणी किती वेळ येते ते विचारा. लिफ्टमधला परवाना वाचा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचारा. बिल्डरने टाळाटाळ केली तर त्याच्याविना जमीन नावावर करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद २००८ पासून कायद्यात आहे. ते केलेले नसेल तर तुम्ही घर घेत आहात पण त्याखालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि पुनर्विकासाची वेळ आली की तो दुसरा आपली किंमत सांगतो.

शिक्का

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे लोकांनी अख्खे आयुष्य गमावले आहे.

कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या. महापालिकेच्या नावाचे खोटे कागद तयार झाले, त्या कागदांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाची, नोंदणी मिळाली, आणि महारेराचा क्रमांक जाहिरातीत पाहून माणसांनी कर्ज काढून घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. या घरांत राहणारे लोक बेफिकीर नव्हते. आपल्याला जे तपासायला सांगितले जाते ते त्यांनी तपासले होते. नियामकाकडे कागद दाखल करून घेताना तो खरा आहे का, हे त्याच महापालिकेला विचारायचे काम कुणाचे होते? ते ज्यांचे होते त्यांना मी दोष देतो, घर घेणाऱ्याला नाही.

तरीही घर घेणाऱ्याने आता एक पायरी पुढे जायला हवे. महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम परवानगीचा क्रमांक घ्या आणि तो महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा. गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज करा. दस्तांच्या नोंदी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहता येतात, पण वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचाच. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते, आणि तीच वाचवण्याचा मोह सगळ्यांत महाग पडतो.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. ऐंशीच्या दशकात तिथे मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. माणसे तिथे राहिली, मुले मोठी झाली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले. पुढच्या वर्षी पालिकेने त्या घरांची वीज, पाणी आणि गॅस तोडला. इतकी वर्षे राहतोय म्हणजे काही होत नाही, हे वाक्य कुणी ऐकवले तर वरळी आठवा आणि उठून चालू लागा.

नव्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट पक्की धरा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा कायदाच तसे सांगतो. ‘पंचवीस टक्के आज भरा, ऑफर रविवारी संपते’ असे म्हणणाऱ्याची ऑफर संपू द्या.

पार्किंग

‘पार्किंगसकट’ या शब्दावर पाच-सात लाख जास्त मोजले जातात. स्टिल्टमधली किंवा उघडी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात सांगितले. अशी जागा सोसायटीची असते. विकणाऱ्याकडे सोसायटीचे वाटपपत्र आहे का, आणि ते घराबरोबर तुमच्याकडे येणार का, हे कमिटीकडून लेखी घ्या. नाहीतर गृहप्रवेशाच्या संध्याकाळीच गाडीवरून शेजाऱ्याशी पहिले भांडण होईल.

रोख

‘थोडे व्हाइट, थोडे ब्लॅक’ हे अजूनही चहा पिता पिता सहज बोलले जाते. घर विकताना २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि पकडले गेलात तर घेतली तेवढीच रक्कम दंड. पण कायदा बाजूला ठेवा. रोख देणाऱ्याला त्या रकमेवर कर्ज मिळत नाही, व्यवहार मोडला तर ती परत मागता येत नाही, आणि पुढे तो विकायला निघाला की त्याची कागदावरची खरेदी किंमत कमी असल्याने नफा फुगून कर वाढतो. घेणाराही बुडतो, विकणाराही भीतीत जगतो.

५० लाख आणि त्यापुढच्या घरावर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणाऱ्याच्या खिशातून तो जातो, पण भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा परदेशस्थ असेल तर मात्र हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त होते. अमेरिकेतल्या, आखातातल्या मुलांनी पुण्या-मुंबईचे घर विकताना आयकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढून घ्यावे. आणि घेणाऱ्यांनी मुखत्यारपत्रावर ‘विकत घेतलेल्या’ घराचा नाद सोडावा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

कमिटी आणि आडनाव

घर हस्तांतरित करताना काही सोसायट्या लाखालाखाची ‘देणगी’ मागतात. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि देणगीची सक्ती करता येत नाही. हे कमिटीला सौम्यपणे सांगा, मग लेखी सांगा, मग उपनिबंधकाकडे जा. मेंटेनन्सची बाकी आधी चुकती करून ठेवलेली असेल तर तुमचा आवाज चढा लागतो.

एक ‘नाही’ मात्र तुमच्या हातात असून वापरू नये. गिऱ्हाईकाचे आडनाव, जात, धर्म, ताटात काय असते, यावरून घर नाकारू नका. २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणून जागा नाकारली गेली तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. तो राग खरा होता. मग आपल्या घराची जाहिरात देताना एजंटच्या कानात ‘जरा आपल्यातलेच बघा’ असे सांगणे थांबलेच पाहिजे. घर विकताना माणसाकडे एवढेच बघायचे, की तो पैसे देऊ शकतो का आणि कागदांवर सरळ चालतो का.

आई कुठे राहणार?

मोठे घर विकून मुलांना वाटायचे, आई आलटून पालटून राहील, असे ठरते. ठरवताना आई स्वयंपाकघरात चहा करत असते. तिला कुणी बाहेर बोलावून बसवत नाही. तिची भाजीवाली, तिचा डॉक्टर, तिची भजनाची मंडळी, सकाळी खाली उतरून बोलायच्या चार मैत्रिणी, हे सगळे घराबरोबर विकले जाते आणि त्याची नोंद कुठल्याच इंडेक्समध्ये होत नाही.

पहिला प्रश्न तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली तर ते उत्तर नव्हे, आठ दिवसांनी पुन्हा विचारा. विकायचेच असेल तर तिच्या हिश्शाचे पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या, तिच्या एकटीच्या खात्यात. आणि आईवडिलांनो, प्रेमापोटी हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणार असाल, तर शेवटपर्यंत सांभाळ करण्याची आणि त्या घरात राहू देण्याची अट त्या कागदातच लिहून घ्या. ती अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहून घेणे हा मुलावरचा अविश्वास नाही. उद्या सून, जावई, धंदा, कर्ज काहीही आले तरी छप्पर राहावे, याची ती सोय आहे.

कर

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेले घर विकले की नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेब करून जो कर कमी पडेल तो भरता येतो. २००१ च्या आधीचे घर असेल तर १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, आणि तो विक्रीच्या आधी घ्या. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर नफ्यावर सवलत मिळते. तोवर पैसे बचत खात्यात लोळवू नका. विवरणपत्राची मुदत संपण्याआधी ते भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावे लागतात. सीएकडे मार्चमध्ये पळण्यापेक्षा गिऱ्हाईक शोधण्याआधी एकदा जाऊन या.

गावचे घर

कोकणातल्या घराच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासून नावे चढत जातात. कुणी मुंबईत, कुणी इंदूरला, कुणाचा पत्ताच नाही. गेलेल्यांच्या वारसांची नोंद नाही. असे घर विकता येत नाही, दुरुस्त करायला कुणी पैसे काढत नाही, आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे खाली येते. राज्य सरकारने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालवली ती याच मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. तुमचे राहिले असेल तर फेरफार करून घ्या. गणपतीला सगळे घरी येतात. आरती झाल्यावर वंशावळ लिहायला बसा, म्हाताऱ्या आत्याला विचारून एकेक नाव भरा. गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून विकताना भावाबरोबर वहिनीची सही लागते आणि बहिणीबरोबर मेव्हण्याची. तिथे एक सही राहिली तरी व्यवहार अडतो.

कुणी काय करायचे

एवढे सगळे एकेकट्या माणसाने शिकावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. सोसायटीच्या कमिटीने वर्षातून एकदा एखादा वकील बोलावून सभासदांच्या फाइली तपासून घ्याव्यात. कोणाचे शेअर सर्टिफिकेट अजून गेलेल्या माणसाच्या नावावर आहे, कोणाचा करार नोंदलेला नाही, हे सेक्रेटरीच्या दप्तरात दिसतेच. बँकांनी घर गहाण घेताना काढलेला शोध अहवाल घर घेणाऱ्याच्या हातात द्यावा, कारण त्याचे पैसे तोच भरतो. महापालिका आणि महारेरा यांनी परवानगीचा प्रत्येक कागद एकमेकांच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय क्रमांक देऊ नये. डोंबिवलीतल्या कुटुंबांनी या ढिलाईची किंमत मोजली आहे, ती पुन्हा कुणी मोजू नये.

आणि तुम्ही? घर विकायचे नसले तरी फाइल लावा. घ्यायचे नसले तरी सिबिल पाहा. मृत्युपत्र करा आणि ते कुठे ठेवले आहे ते दोघांना सांगा. बहुतेकांच्या आयुष्यभराची कमाई एकाच घरात असते. ज्या घरात हे हिशेब वेळेवर आणि सगळ्यांसमोर होतात, तिथली भावंडे घर विकून झाल्यावरही एकमेकांकडे जेवायला जातात. घर विकून काय उरले, याचा हिशेब मी तरी यावरूनच करतो.